उन्हाळ्याची विद्या कोणाच्या मालकीची?

मे महिना उजाडला की महाराष्ट्रात दोन प्रकारच्या सुट्या सुरू होतात. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतील मुले खासगी विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासवर्गांना जातात. भरभक्कम शुल्क मोजून प्राध्यापकांच्या सहवासात राहतात, प्रयोगशाळा हाताळतात आणि परतताना प्रमाणपत्र घेऊन येतात. ज्यांची ऐपत त्याहूनही मोठी, ती थेट अमेरिकेची वाट धरतात. त्याच दिवसांत बुलढाणा जिल्ह्यात त्यांच्याच वयाची शेतमजुरांची मुले भर उन्हात धसकटे वेचतात, वीटभट्टीवर चिखल तुडवतात. पुढे दोघांनाही एकाच परीक्षेच्या शर्यतीत उभे केले जाते आणि तिच्या निकालाला आपण ‘गुणवत्ता’ असे सोज्ज्वळ नाव देतो!

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २००८ साली केंद्र सरकारने ‘इन्स्पायर’ योजना आणली. तिची विज्ञान शिबिरे विनामूल्य होती. परंतु दार उघडले ते दहावीच्या परीक्षेत वरच्या १ टक्क्यात आलेल्यांना. म्हणजे जो आधीच पुढे गेला, त्यालाच आणखी पुढे नेण्याची सोय! ‘इस्रो’ने २०१९ साली नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. प्रवासासह सारा खर्च उचलला आणि निवडीत खेड्यातील शाळांना झुकते माप दिले, हे स्वागतार्हच होय. परंतु पहिल्या वर्षी प्रत्येक राज्याच्या वाट्याला विद्यार्थी आले अवघे ३. महाराष्ट्राचे जिल्हे ३६! पुढे जागा वाढल्या, तरी समुद्रात चूळ टाकण्यापलीकडे मजल गेली नाही.

या साऱ्यातील विसंगती पाहावयाची तर लोणारला जावे. बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. १९७३ साली त्याच्या उत्पत्तीचे शास्त्रीय पुरावे प्रसिद्ध झाले. देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ तेथे आले. २०२० साली त्या सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. जगाची प्रयोगशाळा बुलढाण्याच्या अंगणात आहे. पण त्या अंगणातल्या लेकरांना ती सहलीचे ठिकाण म्हणूनच ठाऊक असावी काय?

येथे जबाबदारी येते ती सार्वजनिक विद्यापीठावर. बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो ते १९८३ साली अमरावतीत स्थापन झाले आणि आज ते संत गाडगेबाबांचे नाव धारण करते. पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शिकवा, असे कीर्तनांतून सांगत फिरणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव घेणाऱ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आणि ग्रंथालय कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्यांच्या करांतूनही उभे राहिले आहेत. ते त्यांच्या मुलांना सुटीत खुले करणे हा धर्मादाय नव्हे. ती देणे असलेल्या रकमेची परतफेड आहे.

आमचेच काही मित्र विचारतील, ‘गावातल्या शाळेला आधी पुरेसे शिक्षक तर मिळू द्या, हे चोचले कशाला?’ शिक्षक मिळालेच पाहिजेत. त्यासाठीचा लढा थांबणार नाही. परंतु गरिबाला फक्त अक्षरओळख आणि श्रीमंताला जिज्ञासा, ही वाटणी आम्ही मान्य का करावी? भाकरीइतकीच कुतूहलाचीही भूक असते, आणि ती जात किंवा सातबारा पाहून लागत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतून प्रत्येकी किमान १० विद्यार्थी, त्यांत निम्म्या मुली, दर उन्हाळ्यात चार आठवडे विद्यापीठात आणि लोणारच्या काठावर शिकावेत. निवड केवळ गुणांवर नसावी. निवास, भोजन व प्रवास विनामूल्य असावा. मुलाच्या मजुरीवाचून ज्या घराची चूल अडते, त्या घराला बुडालेल्या मजुरीइतका भत्ता मिळावा. नाहीतर विनामूल्य शिबिरही गरिबाला महागच पडते. प्रत्येक शाळेचा एक शिक्षकही बरोबर असावा, म्हणजे आणलेली विद्या गावात मुरेल.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. हाच प्रश्न रोजगार हमीच्या वेळीही विचारला गेला होता. तरीही १९७७ साली महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात लिहिला, कारण दुष्काळात होरपळलेल्या श्रमिकांनी तो मागितला होता. हात कामाला लावण्याची हमी ज्या राज्याने दिली, त्याने त्या हातांना दुर्बीण देण्यास कचरू नये. ही मागणी घेऊन जिल्ह्यातील पालक विद्यापीठाच्या दारात उभे राहतील, तेव्हाच ते दार उघडेल.