बेटावरचा रस्ता आधी कोणाचा?

मोटारींना मज्जाव करणाऱ्या बेटांचा विषय निघाला की एक सूर हमखास लागतो. हे सगळे सुटीवर आलेल्या श्रीमंतांचे लाड आहेत, त्यांना घोड्यांच्या टापा ऐकायला बरे वाटते, आणि त्यांच्या हौसेपायी तिथल्या माणसांना जुन्या काळात कोंडून ठेवले आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी मॅकिनॅक बेटाचा इतिहास पाहावा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ह्यूरन सरोवरात हे बेट आहे. तिथल्या गावाने १८९८ मध्येच मोटारींवर बंदी घातली. पर्यटक तेव्हाही येत होते. तिथले प्रसिद्ध ग्रँड हॉटेल १८८७ चे आहे. पण बंदीची मागणी घोडागाड्या हाकून पोट भरणाऱ्यांची होती. नव्या यंत्राच्या आवाजाने घोडे बुजत होते, उधळत होते, आणि उधळलेला घोडा गाडीतल्या माणसांच्या जिवावर उठतो. फोर्डची कंपनी याच राज्यात १९०३ मध्ये निघाली. ज्या राज्यातल्या डेट्रॉईटने पुढे जगाला मोटारी पुरवल्या, त्याच राज्यातल्या एका गावाने कष्टकऱ्यांच्या सांगण्यावरून केलेला नियम सव्वाशे वर्षे टिकवला आहे. याला हौस म्हणणे हा त्या गाडीवानांवर अन्याय आहे.

बेटाला वळसा घालणारा सुमारे तेरा किलोमीटरचा रस्ता आहे. त्याला राज्य महामार्गाचा रीतसर क्रमांक आहे, आणि त्यावर सायकली, घोडे आणि पायी चालणारी माणसे असतात. बोटीतून उतरलेले सामान घोड्यांच्या गाड्यांवरून घरोघर जाते, कचराही तसाच उचलला जातो. हिवाळ्यात पर्यटक निघून जातात, बहुतेक घोडे पलीकडच्या किनाऱ्यावर नेले जातात, आणि पाचशेच्या आसपास माणसे मागे राहतात. त्यांना बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईल वापरायची मुभा आहे. कोणाला दाखवायला ही माणसे तिथे राहत नाहीत. मुले शाळेत जातात, दुकाने चालतात, पंचायतीत नियमांवरून वाद होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे माणसाची काळजी आहे. मोटार नसेल तर आजाऱ्याने काय करायचे? म्हाताऱ्यांनी कुठे जायचे? याचे उत्तर तपशिलात द्यायला हवे. मॅकिनॅकवर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्या इंजिनावरच चालतात. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटावर मोटारींना बंदी आहे, पण ट्रॅक्टर चालतो आणि रुग्णवाहिका ट्रॅक्टरच ओढतो. व्हेनिसमध्ये रुग्णवाहिका म्हणजे वेगवान मोटारबोट, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला कालव्याच्या बाजूने बोट लावायची सोय आहे. मॅकिनॅकवर विजेची सायकलसुद्धा सरसकट चालत नाही. ज्यांना चालण्याफिरण्यात अडचण आहे, त्यांच्यासाठी ती राखलेली आहे. व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला अडवतात हे खरे. पण ती अडचण पायऱ्यांची आहे, आणि त्या पायऱ्या मोटारही चढणार नव्हती.

या बेटांनी इंजिन हाकललेले नाही. इंजिनाची गरज कोणाला आधी आहे, याचा क्रम त्यांनी ठरवला आहे: आधी आजारी माणूस, आग विझवणारे, अपंग, मग सामान, आणि सर्वांत शेवटी धडधाकट माणसाची स्वतःची गाडी. त्या शेवटच्या पायरीवर ते थांबतात. आपल्या शहरांत हा क्रम नेमका उलटा लागला आहे. रुग्णवाहिका सायरन वाजवत उभी असते आणि तिच्यापुढे एकेकट्या माणसांच्या गाड्यांची रांग असते. म्हाताऱ्यांची खरी काळजी असणाऱ्यांनी या रांगेचा हिशोब आधी द्यायला हवा.

तिसरा आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही, कारण तो बरोबर आहे. मोटार गेली तरी ओझे जात नाही. ते कोणाच्या तरी पाठीवर येते. इस्तंबूलजवळच्या ब्युकाडा आणि तिच्या शेजारच्या बेटांवर कित्येक दशके फायटन नावाच्या घोडागाड्या धावत. उन्हाळ्यातली गर्दी, चढाचे रस्ते आणि विश्रांती न मिळणारे घोडे यांविषयी प्राणिमित्र वर्षानुवर्षे ओरडत होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये घोड्यांत ग्लँडर्स या रोगाची साथ आली आणि शंभरावर घोडे मारावे लागले. त्यानंतर २०२० मध्ये फायटन बंद झाल्या, महापालिकेने गाडीवानांचे परवाने विकत घेतले आणि विजेवरची वाहने आणली. तो निर्णय योग्य होता. ग्रीसच्या हायड्रावर आजही खेचरे सामान वाहतात, केनियातल्या लामूवर गाढवे. लामूत गाढवांसाठी मोफत दवाखाना आहे, ही त्यांना दिलेली खरी किंमत. जिथे असा दवाखाना नाही, तिथे शांत गल्लीचे कौतुक करण्याआधी जनावराच्या पाठीवरची जखम पाहावी.

मराठी वाचकाला हे माथेरानवरून चटकन उमगेल. माथेरान बेट नाही, पण मोटारबंदीचा आपला जवळचा अनुभव तोच. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि पुढे पाय, घोडा किंवा हातरिक्षा असे. त्या लाल मातीच्या चढावर माणूस माणसाला ओढत आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असे सांगून ती सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. इतकी वर्षे आपण हवा स्वच्छ आहे म्हणून सुखावत होतो, आणि ती स्वच्छ ठेवण्याचा खर्च हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीतून वसूल होत होता. याने मोटारबंदी चूक ठरते का? ठरत नाही. बंदी घातली की ओझ्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावरच येते, हे यातून ठरते. ती जबाबदारी आपण टाळली.

उरला आकाराचा आक्षेप. बेटे चिमुकली असतात, तिथे चालते ते इतरत्र चालणार नाही, असे म्हणतात. मग कॅप्रीचे काय? इटलीतले ते बेट सुमारे दहा चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळपास मॅकिनॅकएवढेच, आणि तिथे बस, टॅक्सी, मोटारी सगळे आहे. हायड्रा त्याच्या चारपाच पट मोठे, आणि तिथे खासगी मोटार नाही. आकाराने काही ठरत नाही; लोक ठरवतात.

बर्म्युडाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अटलांटिकमधल्या या बेटांवर आज साठ हजारांहून अधिक लोक राहतात. १९०८ मध्ये तिथे कायद्याने मोटारींना बंदी झाली. तिच्या बाजूने केलेल्या अर्जावर मार्क ट्वेन आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन यांच्या सह्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचे तळ आले, त्यांच्याबरोबर गाड्या आल्या, आणि १९४६ मध्ये बंदी उठली. मोटारवाद्यांना हा आपला विजय वाटेल. पण बंदी उठवतानाही बर्म्युडाने दारे सताड उघडली नाहीत: एका घराला एकच मोटार, तीही ठरावीक मापाहून मोठी नाही. हा नियम आजही आहे. संपूर्ण बंदी आणि संपूर्ण मोकळीक यांच्यामध्ये बरीच जागा असते, आणि साठ हजारांची वस्ती त्या जागेत पाऊण शतकाहून अधिक काळ राहते आहे. आपल्याकडे एका घरात किती मोटारी असाव्यात हा प्रश्न विचारला तरी लोक दचकतात.

मोटारबंदीला खरा धोका आक्षेप घेणाऱ्यांपासून नाही. तो अपवाद मागणाऱ्यांपासून आहे. १९७५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड मॅकिनॅकवर आले तेव्हा घोडागाडीतून फिरले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उपाध्यक्ष माइक पेन्स आले ते आठ मोटारींचा ताफा घेऊन. सुरक्षेचे कारण सांगितले गेले. माझ्या मते हा त्या गावाचा अपमान होता. जो नियम पाळत गावाने शतकाहून अधिक काळ रोजचे आयुष्य काढले, तो पाहुण्याने एका दिवसासाठीही पाळला नाही. गरजेपोटी दिलेला अपवाद नियमाला बळ देतो. हुद्द्यापोटी दिलेला अपवाद त्याला पोखरतो. आणि सोयीपोटी दिलेले अपवाद तर मोजताही येत नाहीत. ब्युकाडावर घोड्यांच्या जागी छोटी विजेची वाहने आली, पुढे मिनीबस आल्या, आणि २०२४ मध्ये खुद्द रहिवासीच त्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. वाहन विजेचे असले तरी त्याची रुंदी, वजन आणि संख्या रस्त्यावर पडतेच. गल्लीत खेळणाऱ्या मुलाला बाजूला व्हावे लागते ते गाडीच्या आकारामुळे.

माथेरानमध्ये आता नेमका हाच प्रश्न उभा आहे. ई-रिक्षा हव्यातच; हातरिक्षा ओढणाऱ्याला त्या अमानुष कामातून सोडवायचे तर दुसरा मार्ग नाही. न्यायालयाने या ई-रिक्षा हातरिक्षा प्रत्यक्ष ओढणाऱ्यांच्याच हाती भाड्याने द्याव्यात असे सुचवले आहे, आणि त्यात तडजोड होता कामा नये. पण रिक्षा किती असतील, त्यांचे माप काय असेल आणि कोणत्या रस्त्यावर त्या जाणार नाहीत, हे आजच लिहून ठेवायला हवे. शाळेतली मुले, आजारी आणि वृद्ध रहिवासी यांना त्यात पहिली जागा मिळावी, पर्यटकाला नंतर. आणि दस्तुरी नाक्यावरचा अडथळा कोणत्याही मंत्र्याच्या गाडीसाठी वर उचलला जाऊ नये.