टिप किती द्यायची? बोईसर-पालघरच्या जिन्यांवर दहा टक्क्यांचं गणित का चुकतं

बोईसरमधली लिफ्ट नसलेली इमारत, चौथा मजला. खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवून गॅसवाला दम खात उभा आहे. पावतीवरचे पैसे ऑनलाइन कधीच भरून झालेत. तरी दारात दोघंही क्षणभर रेंगाळतात. तीस द्यावेत, पन्नास द्यावेत की 'थँक यू दादा' म्हणून दार लावावं?

तोच प्रश्न पावसात पास्थळपर्यंत पार्सल घेऊन आलेल्या डिलिव्हरी बॉयसमोर पडतो. रविवारी केळव्याला जेवून उठताना बडीशेपेच्या वाटीसोबत बिल येतं तेव्हाही पडतो. सोशल मीडियावर याचं तयार उत्तर मिळतं: बिलाच्या दहा टक्के. हे उत्तर लक्षात ठेवायला सोपं आहे, पण पालघर-बोईसरमधल्या रोजच्या बहुतेक कामांना ते लागू पडत नाही.

मराठीत वरच्या पैशांना एकच शब्द नाही. खूश होऊन दिली ती बक्षिसी, दिवाळीला द्यायची ती पोस्त आणि काम अडू नये म्हणून सरकवली ती चिरीमिरी. आता या तिन्ही गोष्टी 'टिप' या एका शब्दात कोंबल्या जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बिलात आधीच काय धरलंय?

हॉटेलचं उत्तर त्यातल्या त्यात सरळ आहे. समजा, जेवणाचे ६०० रुपये झाले. ५ टक्के जीएसटी धरून बिल होतं ६३० रुपये. आता हॉटेलने १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ६० रुपये वाढतात आणि त्या ६० रुपयांवरही जीएसटी लागतो. बिल जातं ६९३ रुपयांवर. म्हणजे टिप समजून दिलेल्या पैशांवर वर कर.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून असा सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायला मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सुरुवातीला स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ही तत्त्वं कायम ठेवली. त्यामुळे असा चार्ज दिसला तर तो काढायला सांगता येतो. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. चार्ज भरला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. नसेल आणि वेटरने नीट वाढलं असेल, तर पाच-दहा टक्के ठीक, तेही जीएसटीच्या आधीच्या रकमेवर. चहाच्या टपरीवर किंवा जिथे आपणच ताट उचलून आणतो तिथे टक्क्यांचा प्रश्नच येत नाही.

आता पुन्हा चौथ्या मजल्यावर. घरपोच सिलिंडरच्या किमतीत डिलिव्हरीचा खर्च धरलेला असतो. म्हणूनच गोदामातून स्वतः सिलिंडर आणणाऱ्याला त्यातली काही रक्कम सूट मिळण्याची तरतूद आहे. मजला कितवाही असो, पावतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही. 'पन्नास दिले तरच वर आणतो' असं म्हटलं की ती टिप राहत नाही, ती जादा वसुली होते. तिची तक्रार १८००-२३३३-५५५ या टोल फ्री नंबरवर करता येते.

पण भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि तो चार जिने चढवणं हे खरं कष्टाचं काम आहे, हेही तितकंच खरं. देणं बंधनकारक नाही, पण द्यायचं असेल तर किंमत बघून नाही, जिने बघून द्यावं. मजल्यामागे पाच रुपये असा घरातला नियम ठरवला की दारातली घालमेल संपते. तळमजल्यावर शून्य, चौथ्यावर वीस.

फूड डिलिव्हरीलाही हेच लागू होतं. १२० रुपयांचे वडापाव आणि १,२०० रुपयांचा केक एकाच पावसातून, एकाच खड्ड्यांच्या रस्त्याने येतात. दहा टक्क्यांच्या हिशेबाने एका फेरीला बारा रुपये आणि दुसरीला एकशे वीस. केक आणणाऱ्याने दहापट काम केलेलं नसतं. इथे अंतर, पाऊस, रात्रीची वेळ आणि जिने मोजावेत. आणि बिलातली 'डिलिव्हरी फी' किंवा 'प्लॅटफॉर्म फी' म्हणजे टिप नाही, हे अजूनही अनेकांच्या लक्षात येत नाही.

गाडी येण्याआधीच मागितलेली टिप ही तर वेगळीच भानगड. मे २०२५ मध्ये उबरच्या 'अॅडव्हान्स टिप'वर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. सेवा मिळायच्या आधी पैसे वाढवायला लावणं ही खरं तर बोली झाली. बोईसर स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात हा प्रश्न येत नाही. तिथे माणशी भाडं ठरलेलं असतं आणि तेवढंच द्यायचं असतं.

पैसे पोहोचतात कुणाला?

हा खरा कळीचा प्रश्न. पूर्वी सुटे नसले की 'राहू द्या दादा' म्हणून पाच-दहा रुपये सुटायचे. यूपीआय आल्यापासून ६३० म्हणजे बरोबर ६३०च जातात. त्यातून कुणी ६५० स्कॅन केले, तरी काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो. वरचे वीस रुपये वेटरला मिळाले की नाही, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

कार्डावरून आलेल्या टिपबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, आयटीसीच्या खटल्यात, हे पैसे मालकाकडे विश्वस्त म्हणून असतात आणि ते पगाराचा भाग नाहीत असं म्हटलं होतं. खटला टीडीएसचा होता, पण मुद्दा इथेही उपयोगी आहे. ब्रिटनने तर ऑक्टोबर २०२४ पासून टिप पूर्णपणे कामगारांनाच द्यायचा कायदा लागू केला. आपल्याकडे तोवर सोपा उपाय एकच: रोख हातात द्या, किंवा त्या माणसाचाच नंबर विचारून पाठवा.

अमेरिकेत याची दुसरी टोकाची बाजू दिसते. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. बाकीचं गिऱ्हाइकाने भरायचं. डोअरडॅश या कंपनीने तर गिऱ्हाइकांची टिप ठरलेल्या मेहनतान्यातच वळती केली होती. न्यूयॉर्कमध्ये २०२५ साली त्याबद्दल १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली. भारतात टिप धरून किमान वेतन कमी द्यायची सोय नाही. त्यामुळे 'आमच्या माणसांना टिप द्या, त्यांचा पगार कमी आहे' असं कुणी मालक सांगत असेल, तर तो आपलाच दोष सांगतोय.

सरकारी कर्मचारी आणि दिवाळीची पोस्त

दाखला, मीटर, सातबारा यासाठी दिलेले 'चहापाण्याचे' पैसे कुठल्याच हिशेबाने टिप नाहीत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

पोस्तीचं मात्र वेगळं. घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीला एक महिन्याचा पगार द्यायची रीत बऱ्याच घरांत आहे. हा आकडा कारखान्यातल्या बोनसशी जुळतो. १९६५ च्या बोनस कायद्यातला आणि आता वेतन संहितेतला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या घरांना हे गणित समजावून सांगायची गरज नाही. हा कायदा वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, घरकामाला नाही. म्हणून मावशींचा बोनस घरमालकाच्या मर्जीवर राहतो.

घासाघीस होते ती वर्षाच्या मध्ये काम धरलेल्या मावशींच्या बाबतीत. 'आत्ताच तर लागल्यात' म्हणून त्यांच्या हातात मिठाईचा पुडा पडतो. एप्रिलपासून महिना ३,००० रुपयांवर काम करणाऱ्या मावशींचे ऑक्टोबरअखेर सात महिने भरतात. त्या सात महिन्यांचा बारावा हिस्सा होतो १,७५० रुपये. मिठाई वेगळी.