ट्रफल नको, ट्रफलचा कायदा हवा

हल्ली दर पावसाळ्यात एक नवं पालुपद ऐकू येतं. रानातल्या अळंबीचा फोटो कुणीतरी टाकतं, वर "आमचं कोकणी ट्रफल" असं लिहितं आणि खाली वाहवा सुरू होते. माझा या बारशालाच आक्षेप आहे. नाव चुकीचं आहे हे तर झालंच. पण खरी तक्रार अशी की, ट्रफलवाल्यांकडून जे शिकायचं ते सोडून आपण नेमकं नको ते उचलतो आहोत.

आधी ट्रफल म्हणजे काय ते पाहू. ही जमिनीच्या पोटात वाढणारी बुरशीची गाठ. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी तिची देवघेव असते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार पुरवते. ती उघड्यावर येत नाही, त्यामुळे तिचं बीज वाऱ्यावर उडत नाही. मग ती पिकली की उग्र वास सोडते, जनावरं तो हुंगत येतात, उकरून खातात आणि बीज पसरवतात. फ्रान्सच्या पेरिगॉर्ड भागाच्या नावाने ओळखलं जाणारं काळं ट्रफल हिवाळ्यातलं. इटलीतल्या आल्बा गावचं पांढरं सर्वांत महाग. २००७ साली असं दीड किलोचं एक पांढरं ट्रफल लिलावात ३,३०,००० डॉलरला गेलं होतं! आखातात नोकरी केलेल्या आपल्या रत्नागिरीकरांना वाळवंटातलं 'फगा' ठाऊक असेल. बटाट्यासारखं दिसणारं तेही ट्रफलच्याच जातकुळीतलं. गडगडाटी पाऊस झाला की ते चांगलं येतं अशी तिकडे समजूत आहे. आपल्याकडेही अळंबीबद्दल असंच म्हणतात, ही गंमत.

आणि एका ट्रफलच्या तर नावातच भारत आहे: 'ट्यूबर इंडिकम'. १८९२ साली मसुरीकडच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं. आज ते चीनमधून युरोपात जातं आणि पेरिगॉर्डच्या नावाखाली खपवलं जातं अशी तिकडे ओरड असते.

आता आपली अळंबी. वारुळाच्या आसपास, पहिले पाऊस मुरले की उगवणारी. हिचा झाडाच्या मुळांशी संबंध नाही, हिचा संसार वाळवीशी. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून आत नेते आणि त्याचा स्पंजासारखा पोळा रचून त्यावर बुरशी वाढवते. म्हणजे ती चक्क शेती करते, आणि आपल्या शेतीच्या कितीतरी आधीपासून! त्या पोळ्यापासून लांब शेपटासारखं मूळ माती फोडून वर येतं, त्याच्या टोकाला अळंबीची छत्री. 'टर्मिटोमायसिस' हे या कुळाचं नाव रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली दिलं. गोव्यात हिला अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. धिंगरी आणि बटण मश्रूम शेडमध्ये होतात, पण वाळवीशिवाय या अळंबीचं व्यापारी पीक अजून कुणाला जमलेलं नाही. ट्रफलशी नातं सांगायचंच असेल तर बस्तरच्या बोड्याचं किंवा झारखंडच्या रुगड्याचं सांगा. ते निदान सालवृक्षाखाली, मुळांशी जोडलेले आणि मातीत दडलेले असतात. तेही खरे ट्रफल नव्हेतच.

तर मुद्दा असा. आपण ट्रफलकडून काय घेतलं? तेल! मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत बटाट्याच्या काड्यांवर 'ट्रफल ऑइल' शिंपडून मिळतं. बाजारातल्या बहुतेक तेलांत ट्रफल नसतंच, प्रयोगशाळेत केलेला गंधकयुक्त वास असतो. त्याचे पैसे निमूट मोजणारी माणसं बाजारात चार वाटे अळंबी घेऊन बसलेल्या मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. त्या बाई पहाटेपासून पावसात भिजत रान तुडवून आलेल्या असतात. मिळालेल्या नव्या 'भावा'तला किती वाटा त्यांच्या पदरात पडतो, ते तुम्हीच बघा.

आणि काय घ्यायला हवं होतं? इटलीचा १९८५ चा ट्रफलचा कायदा वाचण्यासारखा आहे. ट्रफल शोधणाऱ्याला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. शोध कुत्र्याच्या साहाय्याने घ्यायचा. उकरलेला खड्डा लगेच बुजवायचा. कच्चं ट्रफल काढायला बंदी. प्रत्येक जातीचा हंगाम ठरलेला. या शोधाची विद्या २०२१ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तो मान किमतीमुळे मिळाला नाही, पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या रीतीमुळे मिळाला.

आमच्याकडे परीक्षा कसली, तर अळंबीबरोबर चांदीचं नाणं उकळा, काळं पडलं तर विषारी! ही साफ खोटी परीक्षा आहे. तिच्या भरवशावर कृपा करून काही खाऊ नका. खरी ओळख असते ती काढणाऱ्यांच्या नजरेत, आणि ती नजर कुठल्याही वहीत उतरलेली नाही.

पण त्याहून मोठा घोळ कळ्यांचा आहे. मिटलेली कळी जास्त टिकते म्हणून बाजाराला तीच हवी. छत्री उघडायच्या आतच सगळा रोप खुडला तर बीज पडणार कुठून? कुणी म्हणेल, पोळा तर जमिनीत शाबूत आहे, पुढच्या वर्षी पुन्हा येईल. जुन्या वारुळापुरतं ते बरोबर आहे. पण या वाळवीच्या बहुतेक जातींत नवी वसाहत आपलं बियाणं बाहेरून, उघडलेल्या छत्र्यांनी मातीवर टाकलेल्या बीजातून गोळा करते. कळ्याच खुडल्या तर नव्या वारुळांनी पेरायचं काय?

आणि वारूळ तरी राहतंय का? नवी लागवड, नवा बंगला, नवा रस्ता, काहीही निघालं की जेसीबी पहिली वारुळं सपाट करतो. वाळवी घराला आणि कलमांना लागते हे मला मान्य. तिथे तिचा बंदोबस्त करा, जरूर करा. पण बांधाच्या टोकाला, देवरहाटीच्या कडेला असलेलं वारूळ तुमचं काय खातं? दक्षिण कोकणात सातेरी देवीचं रूपच वारूळ. नागपंचमीला हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी औषध ओतायचं, हे कुठलं शहाणपण?

यावर "सरसकट बंदी घाला" असा उपाय सुचवणारेही आहेत. त्यांनाही माझा विरोध आहे. बंदीने पोट मारलं जाईल ते त्या मावशींचं. बिल्डरच्या जेसीबीला अळंबीबंदी लागू होत नाही.

मार्ग आपल्या कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला समिती नेमायला आणि लोकांची जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. त्या वहीत गावातली वारुळं लिहा. अळंबी काढणाऱ्या बायकांनाच त्या समितीवर जाणकार म्हणून बसवा आणि नियम त्यांनाच ठरवू द्या. माझ्या मते तीन पुरे आहेत: दर रोपातल्या काही छत्र्या उघडून झडू द्यायच्या, पोळ्यापर्यंत खणायचं नाही, वारूळ फोडायचं नाही. आणि गिऱ्हाइकांसाठी चौथा: उघडलेली अळंबी मागा आणि घासाघीस करू नका.

प्रतिक्रियांत "अहो, बुरशीवर एवढं लिहायचं काय?" असं कुणीतरी म्हणेलच. त्यांनी आपल्या गावात आज किती वारुळं उभी आहेत ते मोजून आकडा कळवावा. वाद त्यानंतर घालू.