जुना कॅमेरा दुरुस्त करावा का?

दिवाळीपूर्वी माळा आवरताना जुन्या चोपड्यांच्या गाठोड्यामागून पुष्कळदा एखादा कॅमेरा निघतो. कापड बाजार, आडते बाजार या भागांतील जुन्या घरांत तर क्वचित दोन निघतात: आजोबांचा आग्फा क्लिक-थ्री आणि काकांनी मुंबईहून आणलेला याशिका. मग घरात प्रश्न उभा राहतो की, हे दुरुस्त करून घ्यावे काय? सारी उमेद कर्जप्रस्ताव तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न जितका आठवणींचा, तितकाच हिशेबाचाही वाटतो.

हिशेबाआधी एक विनंती. कुतूहलापोटी मागचे झाकण उघडू नये. आत रोल असू शकतो. ३५ मि.मी.च्या कॅमेऱ्यात रोल गुंडाळण्याची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावी. ताण जाणवला तर फिल्म आत आहे असे समजावे. क्लिक-थ्रीमध्ये मागच्या लहानशा लाल खिडकीतून रोलवरील आकडा दिसतो. कृष्णधवल रोल असेल तर कित्येक वर्षांनी धुतल्यावरही त्यातून अंधुक का होईना, पण चित्र मिळू शकते. वडिलांनी घेतलेले आणि कोणीच न पाहिलेले बारा फोटो एका क्षणाच्या उजेडाने गमावणे हा तोटा कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. क्लिक-थ्री हा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने जर्मन आग्फाच्या नावाने आपल्या देशात बनवलेला. त्यात एकच साधे भिंग, एकच शटरवेग आणि ऊन व ढग यांच्या खुणा असतात. बॅटरी नाही, प्रकाशमापक नाही. रोल १२० मापाचा, त्यावर बारा चौकोनी चित्रे. बिघडण्यासारखे आत फारसे काही नाही, म्हणून त्याच्यावर खर्चही फारसा करू नये. रिकामा असल्याची खात्री करून झाकण काढावे, उजेडाकडे धरून खटका दाबावा. शटर उघडून मिटले आणि भिंग पुसल्यावर स्वच्छ दिसले, म्हणजे झाले.

याशिका इलेक्ट्रो-३५ची गोष्ट वेगळी. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्याचे शटर विजेवर चालते आणि त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. पर्यायी बॅटरी जुळवून बसवावी लागते. आतला रबराचा एक तुकडा काळाने विरघळतो आणि फिल्म पुढे सरकवताना येणारा ‘टक्’ आवाज बंद होतो. हा आवाज येत नसेल तर कॅमेरा पूर्ण उघडावा लागेल हे आधीच गृहीत धरावे. इतर काही कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टची बटणासारखी पाऱ्याची बॅटरी असे. तिच्या जागी श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची बॅटरी बहुधा चालते, आणि ती औषधांच्या दुकानातही मिळते! झाकणाच्या कडेचा फोम डांबरासारखा चिकट झाला असेल तर घाबरू नये, ते काम स्वस्तातले आहे. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी खोलवर गेली असेल, तर मात्र हात आखडता घ्यावा. आपल्या नगरची हवा कोरडी, त्यामुळे मुंबई-कोकणाच्या मानाने हे संकट येथे कमी. तरी चामडी पेटी ओल धरून ठेवते. कॅमेरा तिच्यातून बाहेर काढावा. अनेक घरांत ती पेटी तशीही नकोशीच असेल.

सुटे भाग नवे मिळत नाहीत. कारागीर दुसरा मेलेला कॅमेरा फोडून भाग काढतो. म्हणून मुंबईत फोर्टातील बोरा बाजारात असो वा अन्यत्र, अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि ‘दुरुस्त झाला नाही तर किती?’ हे आधी विचारावे.

खरा खर्च यापुढे सुरू होतो. कारखान्याला यंत्रासाठी मुदत कर्ज दिले आणि खेळत्या भांडवलाची सोय पाहिली नाही, तर यंत्र झाकूनच राहते. कॅमेऱ्याचे तसेच आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला. आज मिळतात ते रोल बहुतेक आयातीचे. रंगीत रोल हजाराचा आणि धुणे-स्कॅनिंगचे पाचशे धरले, तर छत्तीस फोटोंना दीड हजार, म्हणजे खटक्यामागे चाळीस रुपयांहून अधिक. वर्षाला चार रोल काढण्याची हौस घरात कोणाला आहे काय? असेल तर दोन-तीन हजारांची दुरुस्ती मी विनासंकोच मंजूर करीन. कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा फिल्म संपली असे वाटले होते. पण २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला.

एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे, कारण दुकानदार ती सांगत नाही. फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडे-कातड्यांपासून बनते. पूर्वीही ते तसेच होते. आपल्या घरांतील लग्नांचे सारे अल्बम त्यावरच उतरले. परंतु तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, आज खिशात मोबाइल आहे. नव्या रोलबाबत ज्याचा त्याने निर्णय करावा. ज्या घरात तो रोल येणारच नाही, तेथे कॅमेरा पुसून काचेच्या कपाटात ठेवावा, त्याच्यावर पैसे घालू नयेत.

तोच पैसा जुन्या निगेटिव्हवर मात्र अवश्य खर्चावा. त्या जिलेटिनवर बुरशी पोसली जाते, आणि तिने एकदा खाल्लेले चित्र परत येत नाही. प्लास्टिकच्या घट्ट पिशव्यांतून पट्ट्या काढाव्यात, कडांना धरूनच हाताळाव्यात, कोऱ्या कागदाच्या पाकिटांत घालून ओल नसलेल्या कपाटात ठेवाव्यात आणि शक्य तितक्या लवकर स्कॅन करून घ्याव्यात. पाकिटावर नावे व साल लिहायला घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवावे. पंगतीत मागे उभी असलेली ती मावशी कोण, हे बहुधा तेच सांगू शकतील.