लग्नाआधीची रक्ततपासणी आणि अहवालामागचा पडताळा



सौदी अरेबियात २००४ पासून सौदी नागरिकांना विवाहापूर्वी सिकलसेल व थॅलेसेमियाची रक्ततपासणी सक्तीची आहे. या आनुवंशिक आजारांबाबत निष्कर्ष प्रतिकूल आला तरी विवाह करावा की नाही, हे ते दोघेच ठरवतात. पहिल्या सहा वर्षांत पंधरा लाखांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. धोका कळल्यावर विवाह रद्द करणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण २००४ मध्ये सुमारे ९ टक्के होते. २००९ मध्ये ते ५० टक्क्यांच्या पुढे गेले. एका कागदाच्या भरवशावर इतकी ठरलेली लग्ने मोडली. साहजिकच प्रश्न पडतो, की त्या कागदावरचा आकडा खरा आहे हे कोण पाहते?

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलवर लेख प्रसिद्ध झाला आणि नागपूरच्या महार समाजातील वाहकांचे प्रमाण जगापुढे आले. तेव्हापासून 'हा त्यांचा आजार' असा एक कुत्सित सूर विदर्भात ऐकू येतो. त्याला विज्ञानाने दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. सौदीच्या पूर्वेकडील कतीफ व अल-अहसा या मरूद्यानांतील रुग्णांत सिकलसेलच्या जनुकाभोवती जी आनुवंशिक ठेवण आढळते, तीच भारतीय रुग्णांतही आढळते. शास्त्रज्ञ तिला 'अरब-भारतीय' म्हणतात. हे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकले, त्याला जात ठाऊक नाही.

आता प्रयोगशाळेत डोकावू. प्राथमिक तपासणीतील विद्राव्यता चाचणी स्वस्त व झटपट आहे, पण समोरची व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी हवे. अडचण पुढे आहे. बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखताना हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण पाहतात आणि सीमारेषा साधारणपणे ३.५ टक्के मानतात. एका यंत्राने ३.३ दाखवले आणि दुसऱ्याने ३.७, तर एकाच रक्ताची व्यक्ती एका शहरात निरोगी आणि दुसऱ्या शहरात वाहक ठरते. तिचा जोडीदार सिकलसेलचा वाहक असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दशांश चिन्हानंतरच्या एका अंकावर एवढे अवलंबून आहे.

एकाच नमुन्याचे निष्कर्ष प्रयोगशाळागणिक किती वेगळे येतात, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात १९४७ च्या पाहणीने दाखवले. तीच रीत पुढे 'बाह्य गुणवत्ता मूल्यमापन' झाली. एक केंद्र सर्व सहभागी प्रयोगशाळांना सारखाच नमुना धाडते, त्यातील खरे प्रमाण न सांगता. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी योजना सुपरिचित आहे. पूर्वी उत्तरे टपालाने जात आणि तुलनात्मक अहवाल हाती येईपर्यंत चुकीचे यंत्र शेकडो रुग्णांचे अहवाल देऊन मोकळे झालेले असे. आता उत्तरे संकेतस्थळावर भरली जातात. माझ्या मते याहून मोठा बदल रोजच्या नियंत्रण नमुन्यांचा आहे. तेच यंत्र आणि त्याच घाणीचा नमुना वापरणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांच्या सरासरीशी रियाधचा तंत्रज्ञ आपला आजचा आकडा इंटरनेटवरून ताडून पाहू शकतो. यंत्र हळूहळू एका बाजूला सरकू लागले, तर रुग्णाच्या आधी त्याला कळते. अर्थात, आकडे भरले जातात आणि पाहिले जात नाहीत, अशीही ठिकाणे असतात. तिथे इंटरनेट काय करणार?

सौदीत आरोग्यसंस्थांच्या मान्यतेसाठी २००५ पासून 'सिबाही' ही राष्ट्रीय संस्था आहे; भारतात प्रयोगशाळांना 'एनएबीएल' मान्यता देते. पण ही मान्यता सरसकट नसून चाचणीनिहाय असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दारावर मानचिन्ह लावलेल्या प्रयोगशाळेची साखरेची चाचणी मान्यताप्राप्त असेल आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी नसेलही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळेची मान्य व्याप्ती पाहता येते. नागपूर-चंद्रपूरला मुलामुलींची तपासणी करण्याआधी ती पाहावी.

आपल्या विवाहांना सौदीची सक्ती लागू नाही, म्हणून ही तपासणी आपण होऊन, आणि सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधी, करावी. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिले गेले असल्यास प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे, कारण दात्याचे हिमोग्लोबिन निष्कर्ष झाकोळते. केवळ 'सामान्य' किंवा 'वाहक' असा शेरा घेऊन परतू नये; एचपीएलसीचा आलेख, यंत्राचे नाव आणि तारीख मागून घ्यावी. दम्माम आणि नागपूर येथील अहवाल जुळले नाहीत, तर रक्तविकारतज्ज्ञ ते दोन आलेख शेजारी ठेवून पाहू शकतात आणि गरज भासल्यास जनुकीय चाचणी सुचवतात.