डाग कोणाचा?

हरिहरेश्वराच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट खडकांमधून समुद्राकडे उतरते. ओहोटीच्या वेळी खाली गेले की कातळाला मधाच्या पोळ्यासारखी पडलेली भोके दिसतात. खारे पाणी दगडाच्या रंध्रांत शिरते, सुकते, मिठाचे स्फटिक होतात आणि ते दगडाला आतून फोडत राहतात. म्हणजे रीतसर बोलायचे तर हा झिजलेला, नासलेला दगड. पण पुण्या-मुंबईची माणसे मुद्दाम इथवर येऊन त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेतात. चांगल्या सपाट कातळापुढे कोणी उभे राहत नाही.

हेच मीठ याच गावातल्या एका फळीवर काय करते, ते पाहण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला. ज्या घरी राहण्या-जेवणाची सोय होती तिथल्या काकांनी, मला खेळण्यातल्या जुन्या मोटारींचा नाद आहे हे कळल्यावर, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून समोर ठेवला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या घराची कौले उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, माळ्यावरचे सगळे भिजले. फळीवरचा हा डबा मात्र राहिला. आत ओतीव धातूच्या चार मोटारी होत्या. त्यांचे थोरले बंधू मुंबईत गिरणीत होते. गणपतीला गावी येताना ते धाकट्यासाठी काहीतरी आणत. त्यातलेच हे उरलेसुरले.

"नातू म्हणतो, असल्या गाड्यांना हल्ली पैसे येतात. तुम्हाला यातलं कळतं ना? मग काय द्यायचं ते तुम्हीच सांगा," काका म्हणाले.

छंद असलेल्या माणसाची यापेक्षा अवघड परीक्षा नसेल. गाड्या चारही सदोष होत्या. घ्याव्यात की नाही, घ्याव्यात तर कोणती, आणि किंमत विकणाऱ्याने नव्हे तर घेणाऱ्याने सांगायची.

संग्राहकांचे पाठ्यपुस्तक याचे उत्तर चटकन देते : सदोष वस्तू घेऊ नये. रंग अखंड हवा, चाके मूळची हवीत, आणि खोका तर हवाच हवा. खोक्यासकट गाडी आणि खोक्याविना गाडी यांच्या किमतीत इतके अंतर असते की त्रयस्थाला वाटावे, ही माणसे पुठ्ठ्याचाच संग्रह करतात. आजची तरुण मंडळी तर दुकानात टांगलेल्या गाडीच्या कार्डाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी हात मागे घेतात. हा निकष ज्या बाजारात जन्मला तिथे तो शोभतोही. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 पासून 'डिंकी टॉइज' या नावाने गाड्या काढल्या. 1979 मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत त्या इतक्या निघाल्या की त्यांतल्या निर्दोष तेवढ्याच वेचून घेणे तिथल्या माणसाला परवडते.

आपले काय होते? ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे दशकानुदशके निर्बंध होते. ते पुरते उठायला 2001 साल उजाडले. परदेशी खेळणे यायचे ते जहाजावरच्या मामाच्या बॅगेतून. बाकीच्यांसाठी साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यातल्या एका कंपनीने डिंकीचे निवृत्त झालेले साचे विकत घेतले आणि त्यांतून 'निकी टॉइज' काढली. साचे आधीच झिजलेले, त्यामुळे दारांच्या रेषा पुसट. रंग जाड, आणि तळाच्या पत्र्यावरचे 'डिंकी' हे अक्षर खरवडून काढलेले. काकांच्या डब्यात यांतलीच 'स्टँडर्ड हेरल्ड' होती. आता खरी हेरल्ड 1961 पासून मद्रासेत तयार होत असे आणि तिला दिवे दोन. या खेळण्यातल्या हेरल्डला तिरके चार दिवे आहेत, कारण साचा मुळात तिच्या इंग्रज भावंडाचा, ट्रायम्फ व्हिटेसचा. कलकत्त्यात नाव बदलले, दिवे कोण बदलणार?

अशी ही जन्मजात चुकलेली गाडी. 'निर्दोष निकी' हवी म्हणून अडून बसलेला संग्राहक, जी वस्तू कधी बनलीच नाही ती शोधत असतो. त्या परवाना-काळातल्या आपल्या कितीतरी गोष्टींचे असेच होते. त्यांचा दोष काढला की मागे वस्तूच उरत नाही.

म्हणून दोष आहे की नाही हा प्रश्न मला तोकडा वाटतो. दोष कोणाचा, हे विचारावे. आणि इथे संग्राहकांच्या जगातली एक मोठी विसंगती दिसते. कारखान्याने पट्टा वाकडा छापला, चाके चुकीची बसवली, भलताच रंग मारला, की त्या गाडीची किंमत वाढते. डब्यातली सर्वांत लहान गाडी अशीच होती. मॅटेलच्या 'हॉट व्हील्स' आपल्याकडे 'लिओ' या नावाने निघत तेव्हाची, नातवाच्या वडिलांसाठी आणलेली; तिच्या बाजूवरची नक्षी चक्क दाराखाली घसरलेली. या भारतीय लिओ गाड्यांच्या चमत्कारिक रंगांना आणि चुकांना आज परदेशातूनही मागणी असते. पण त्याच गाडीला एखाद्या मुलाने ओट्यावरून ढकलून टवका पाडला की तिची किंमत पडते! यंत्राची चूक दागिना आणि मुलाच्या हातचा ओरखडा डाग, हा न्याय मला कधीच पटलेला नाही. खेळणे खेळून झिजले, यात गुन्हा कसला?

याचा अर्थ सगळेच दोष पोटात घालावेत असा मात्र नव्हे. दोन ठिकाणी मी हात आखडता घेतो. पहिले ठिकाण लबाडीचे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हल्ली टवके बुजवून नवा रंग मारलेल्या, नवे टायर चढवलेल्या गाड्या 'ओरिजिनल' म्हणून समोर येतात. खोकीसुद्धा नवी छापलेली असतात. डागडुजीला माझी ना नाही, ती सांगून विकावी. उलटी करून तळाचे रिव्हेट पाहावेत : ते एकदा उघडून पुन्हा बसवलेले असले की सहसा लपत नाही. रंग दाराच्या खाचेत साचून गुळगुळीत झाला असेल तर तो कारखान्याचा नसण्याचीच शक्यता जास्त (निकीच्या बाबतीत मात्र हा नियम चालत नाही, तिथे कारखान्याचाच रंग साचलेला असतो!).

दुसरे ठिकाण त्याहून वाईट, कारण तिथे दोषी धरायला समोर कोणी नसते. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात ॲल्युमिनियम, तांबे, मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणात असते. पण ओतताना शिशाचा अंश मिसळला तर धातू कणाकणांच्या सांध्यातून आतल्या आत कुजू लागतो. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांना ती फार. उष्ण आणि दमट हवा तिला मानवते, म्हणजे कोकण किनारा तिचे माहेरघरच. गाडी फुगते, वाकते, तिला केसाएवढ्या भेगा पडतात आणि एक दिवस ती हातात भुगा होऊन येते. उपाय नाही. एकीची कीड दुसरीला लागते असा समज आहे, तो मात्र खरा नाही; दोघींना सारखी हवा लागते, इतकेच.

डब्यातली सर्वांत देखणी गाडी नेमकी हीच निघाली. युद्धापूर्वीची डिंकी, काकांच्या वडिलांना त्यांच्या मुंबईच्या शेठांनी दिलेली. रंग जवळजवळ शाबूत. काकांच्या मते हीच सर्वांत मोलाची, आणि वरवर पाहणारा कोणीही तेच म्हणाला असता. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. टप किंचित कमानीसारखे उचललेले, मागची चाके जमिनीला टेकत नव्हती, आणि बॉनेटवर भेगांचे जाळे. प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या दगडाला शेकडो वर्षे आहेत; हिच्याकडे तेवढा वेळ नाही.

हे मी काकांना सांगितले. लिओची ती घसरलेल्या नक्षीची चिमुकली त्यांनी "ही अशीच घेऊन जा" म्हणून बाजूला काढली होती. तिला किती येतात तेही सांगितले. ते सांगताना जिवावर आले हे कबूल केले पाहिजे. कोपऱ्यातल्या माहितीवर दुसऱ्याच्या अज्ञानाचे दाम कमावणे याला या छंदात 'लागलेला हात' म्हणतात आणि त्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. मीही पूर्वी सांगितल्या आहेत. काकांच्या ओसरीवर, त्यांच्याच घरचा मोदक खाल्ल्यावर, ते जमले नाही. लिओ बाजारभावाने घेतली. चौथी, एक चाकाविना जीप, परत डब्यात ठेवली.

राहिली हेरल्ड. तिच्यावर कारखान्याच्या रंगाचा ठिपकाही नव्हता. सगळीकडे जाड, ब्रशचे फराटे दिसणारा निळा ऑइलपेंट. पाठ्यपुस्तकाप्रमाणे शून्य किमतीची वस्तू.

"हिला कशाला घेता? हिचा रंग मीच घालवलाय," काका हसले. नऊ वर्षांचे असताना शेजारच्या होडीला रंग देऊन डब्याच्या तळाशी उरला होता, तो त्यांनी गाडीला फासला. भाऊ रागावेल म्हणून पुढचे दोन गणपती ती लपवून ठेवली होती.

मी लिओपेक्षा जास्त रक्कम सांगितली. काका क्षणभर माझ्याकडे संशयाने पाहत राहिले. हिच्यातही काही कारखान्याची चूक आहे काय, असे त्यांना वाटले असावे. मी चार दिव्यांची हकिकत सांगितली आणि म्हटले, किंमत त्याची नाही, निळ्या रंगाची आहे. त्यांनी गाडी हातात घेतली, अंगठ्याने टपावरचा एक फराटा चाचपला.

"गणपतीत पुतण्या येतोय. त्याला एकदा दाखवतो. मग बघू," म्हणत त्यांनी ती डब्यात ठेवली.

कॅमेऱ्याच्या बॅगेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या होत्या. त्या डब्यात टाकल्या आणि झाकण घट्ट बसते का ते पाहिले.