बस्ता, छावणी आणि ‘आपल्यालाच पुरत नाही’

कोल्हापूर भागात ज्यांच्या घरी लग्न निघते त्यांना गांधीनगर कुठे आहे हे सांगावे लागत नाही. बस्ता बांधायचा तर तिथेच. मध्यंतरी आमच्या गटातल्या एकीच्या मुलीच्या बस्त्यासाठी आम्ही पाचजणी गेलो होतो. साड्या बघता बघता दुकानातल्या टीव्हीवर घुसखोरांची बातमी लागली, आणि आमच्यातलीच एक, चांगली दहा वर्षे चळवळीत असलेली, म्हणाली, ‘‘आधी आपल्यांना पुरू दे. ज्या देशांकडे पैसा आहे त्यांनी घ्यावेत की निर्वासित.’’ गल्ल्यावरच्या सिंधी मावशी काही बोलल्या नाहीत. साडीची घडी घालत राहिल्या.

मला तिथे बोलायला सुचले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही ज्या जागेवर उभ्या होतो ती जागाच मुळात निर्वासितांची. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे इथे वसवली गेली. पण त्यांच्याही आधी, 1943 ते 1948 या काळात, इथे वळिवड्याची छावणी होती आणि तिच्यात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतल्यावर ज्यांना सैबेरिया-कझाकस्तानात हाकलले गेले, आणि 1942 मध्ये जी इराणमार्गे बाहेर पडली, ती ही माणसे. त्यांच्यात बायका आणि मुलेच जास्त, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेलेले. काही जणांना टांगानिका-युगांडात ठेवले गेले, काही मुले न्यूझीलंडला गेली, काही कुटुंबे मेक्सिकोला. यांतले किती देश तेव्हा श्रीमंत होते, ते आपणच बघा. आपल्याकडे 1943 हे साल तर बंगालच्या दुष्काळाचे. माणसे लाखांनी भुकेने मरत होती. ‘आपल्यालाच पुरत नाही’ हे वाक्य त्या वर्षी जेवढे खरे होते तेवढे क्वचितच असेल.

कोल्हापूरकरांच्या औदार्याची गोष्ट म्हणून मी हे सांगत नाही. निर्णय ब्रिटिश राज्यकर्त्यांचा होता, वळिवड्याच्या बायकांना कोणी विचारले नव्हते. पण पाच हजार माणसे पाच वर्षे राहिली आणि कोल्हापूर बुडाले नाही, एवढे तरी म्हणता येईल.

आता पोलंडचेच बघा. 2015 मध्ये सीरियातून लोक युरोपात येऊ लागले तेव्हा ग्रीस-इटलीवरचा भार सगळ्या सदस्य देशांनी वाटून घ्यावा असे युरोपीय संघाने ठरवले. पोलंडने त्या वाटपातला एकही माणूस घेतला नाही. 2020 मध्ये युरोपच्या न्यायालयाने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनी कर्तव्य मोडले असा निकाल दिला. आणि त्याच पोलंडने 2022 मध्ये युक्रेनच्या लाखो बायका-मुलांना दारे उघडली, घरात घेतले. म्हणजे जागा होती. प्रश्न जागेचा नव्हताच, कोणाला आपले म्हणायचे याचा होता. (त्यातही एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. पोलंडमध्ये गर्भपात जवळजवळ बंद आहे. युद्धात बलात्कार झालेली बाई तिथे पोचली तर कायद्याने परवानगी असूनही तिला आधी सरकारी वकिलाकडून गुन्ह्याची खात्री पटवून घ्यावी लागते. आसरा मिळाला, शरीर मात्र पुन्हा सरकारच्या ताब्यात.)

‘पैसा आहे त्यांनी घ्यावेत’ या माझ्या मैत्रिणीच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. श्रीमंत देशांनी घ्यायलाच हवेत. पण जगातले शेकडा सत्तरहून जास्त निर्वासित आजही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच आहेत. लेबाननमध्ये एके काळी दर चार माणसांमागे जवळजवळ एक सीरियन होता. बांगलादेशने 2017 च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या घेतले. पळणारी बाई नकाशा बघून देश निवडत नाही. कडेवर एक, हाताला एक, अशी ती चालत जेवढी जाईल तेवढीच तिची निवड.

आपल्याकडच्या सभांत आणखी एक वाक्य ऐकू येते : बायका-मुलांना घ्या, पुरुष नकोत. 2015 च्या नोव्हेंबरात कॅनडाने सीरियन निर्वासित आणताना असेच काहीसे केले, कुटुंबे आणि एकट्या बायका आधी, एकटे पुरुष मागे. ऐकायला बरे वाटते. मला ते पटत नाही. अनेक घरांनी पैसे गोळा करून तरण्या मुलालाच पुढे पाठवले, कारण समुद्राचा आणि दलालांचा रस्ता मुलीला धोक्याचा. रीतसर वाट बंद असली की पहिल्यांदा बाईच मागे राहते. मग पोचलेल्या मुलाकडे बोट दाखवून विचारायचे, याची आई-बहीण कुठे आहे?

शिवाय ‘बिचारी’ म्हणून घेतलेली बाई आणि हक्काने आलेली बाई यांत फरक आहे. 1951 च्या निर्वासित करारात छळाची कारणे दिली आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. बाई असणे हे कारण त्यात नाही. कॅनडाने 1993 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. अफगाण बायकांच्या बाबतीत तर युरोपच्या न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले की तालिबानच्या राज्यात बाई असणे आणि अफगाण असणे एवढे पुरेसे आहे. इतकी वर्षे लागली. अजूनही बऱ्याच ठिकाणी बाईचा अर्ज नवऱ्याच्या अर्जाला जोडलेला असतो. तो मारत असेल तरी सोडायची सोय नाही, कारण त्याला सोडले की कागदही जातात.

आणि आपण? भारताने तो करार स्वीकारलेला नाही, निर्वासितांसाठी आपल्याकडे कायदाही नाही. 1971 मध्ये सुमारे एक कोटी माणसे आली तेव्हा आपण सीमा बंद केली नाही. 2018 मध्ये सात रोहिंग्यांना म्यानमारच्या हवाली केले. कायदा नसला की असेच होते, सगळे त्या त्या सरकारच्या मर्जीवर. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने मर्जीलाच कायद्याचे रूप दिले : तीन देश, सहा धर्म. अफगाणिस्तानातली हझारा बाई त्यात बसत नाही, श्रीलंकेची तमिळ बाईही नाही. 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या छावणीच्या स्मारकावर फुले वाहिली. छान झाले. मात्र 2025 मध्ये मुंबईच्या आसपास बांगला बोलणाऱ्यांची धरपकड झाली आणि पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना सीमेपलीकडे ढकलून मग परत आणावे लागले. ज्या बाईचे बाळंतपण घरी झाले, नाव लग्नात बदलले, शाळेचा दाखलाच नाही, तिच्याकडे उद्या कोणते कागद निघतील? आपल्या गटातल्या किती जणींकडे निघतील?

आपल्या मागण्यांच्या पत्रकात निर्वासितांचा उल्लेख आजवर एकदाही आलेला नाही. धर्म न विचारणारा निर्वासित कायदा, आणि त्यात बाईचा अर्ज नवऱ्यापासून वेगळा, हे दोन मुद्दे घालावेत असा मसुदा मी पुढच्या बैठकीत आणते आहे. बस्त्याच्या दिवशीच्या मैत्रिणीला तसे सांगितले. ती म्हणाली, मी विरोधात बोलणार. मी म्हटले, जरूर ये.